वूफरला लावलेली कणीक

साल २०१८. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. आता सांगतोय ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको असती तरी तिला सांगितलं नसतं. मुलाला नाही, सुनेला नाही, देवापुढे उभं राहूनसुद्धा नाही. आणि ज्याला सांगायलाच हवं होतं त्याला तर — जाऊ दे. त्याच्यापर्यंत येऊच आपण.

तुम्ही जरा दमाने घ्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. लिहायला बसलो की अक्षरं वर-खाली जातात. पण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही. नातीने दोनदा विचारलं, आजोबा काय लिहिताय, मी देतो ना टाइप करून असं नातूही म्हणाला. मी वही मिटून त्यावर बसलो. हट्टी आहे मी, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खोटारडा आहे, हे ठाऊक नाही.

आम्ही भांडुपला राहतो, डोंगराच्या बाजूला, बैठ्या चाळीत. आमची खोली आणि पुंडलिकाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. पुंडलिक म्हणजे माझा दोस्त. गाव शेजारचं, कणकवलीकडचं. मुंबईत गिरणीला लागलो तेही एकाच खात्यात — साचेखात्यात. साचा म्हणजे कापड विणायचा माग. असे शेकडो साचे एका छपराखाली धडधडत असायचे. तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही. आम्ही ओठ वाचायचो आणि हाताने बोलायचो. चहा म्हणजे असा हात, मुकादम आला म्हणजे कानाची पाळी धरायची. मी पुढे गोदामात बदली करून घेतली, माझे कान वाचले. पुंडलिक साच्यांवरच राहिला. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्या कानांत काही उरलं नव्हतं.

पण त्याचे पाय! साचेखात्यात तो अनवाणी उभा राहायचा आणि मागे न बघता सांगायचा, कोपऱ्यातला साचा थांबला बघ. जमिनीतून कळायचं त्याला. आता असा माणूस म्हातारपणी बहिरा होऊन खोलीत बसतो, सून बोलते ते कळत नाही, नातवंडं मोबाइलवर. टीव्ही म्हणजे नुसती हलणारी तोंडं. मला हाताने बोलता यायचं, म्हणून तो रोज माझ्या ओट्यावर. मग आमच्या गप्पा. आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो गुपित सांगायला लागला की अख्खी चाळ दारात यायची.

आमच्या भजन मंडळात मी पखवाज वाजवायचो. अजून वाजवतो. भांडुप ते मुलुंड कुणालाही विचारा. पुंडलिक आधी टाळ धरायचा, पण कान गेल्यावर ताल सुटायला लागला आणि मंडळींनी त्याच्या हातातले टाळ हळूच काढून घेतले. मग त्याच्याकडे एकच काम उरलं — कणीक मळून देणं. तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. ती नसली तर ते तोंड डब्यासारखं वाजतं. कणीक बसली की मग धूम येते, पोटातून येते तशी. आणि पुंडलिकासारखी कणीक कुणी मळत नसे. ना सैल, ना घट्ट.

आता सायली. माझी नात, मुलाची मुलगी. तेव्हा कॉलेजात होती. ती घरी लॅपटॉपवर ते संगीत लावायची. त्यात गाणारं कुणी नाही, पेटी नाही, नुसतं खालचं धम्म — धम्म — आणि मधूनच गुरगुर, जनावर झोपेत गुरगुरतं तशी. मी पहिल्या दिवशी ओरडलो, "अगं ए, घरात गिरणी चालू केलीस काय?"

म्हणालो खरा. आणि मग माझं मलाच काय झालं ठाऊक आहे? डोळे मिटून बसलो. गिरणीच होती ती! तोच हादरा, पाठीच्या कण्यातून वर चढणारा. किती वर्षांनी. मला वाटलं होतं तो हादरा मी विसरलो. आणि ज्या आवाजाने माझ्या दोस्ताचे कान खाल्ले त्याचीच मला आठवण यायची, हे कुणाला सांगायचं? बाहेर मंडळात तर मी डीजेच्या नावाने बोटं मोडायचो. गणपतीत डीजे लावणाऱ्यांना मी तोंडावर सांगितलं होतं, तुमच्या छातीत देव राहणार नाही. आणि घरी येऊन मी सायलीला म्हणायचो, ते मघाचं लाव ना.

"कुठलं मघाचं?"

"ते... बंद पडतं आणि मग एकदम कोसळतं ते."

"त्याला ड्रॉप म्हणतात, आजोबा."

"त्याला समेवर येणं म्हणतात. तुझ्या जन्माच्या आधीपासून म्हणतात."

हसायची. मला चिडवायची, मंडळात सांगू का म्हणून. पण ती मला शिकवायचीही. हे बघा, हे ड्रम अँड बेस, पळतं. हे डबस्टेप, रांगतं. मी तिला पखवाजाचा डावा हात दाखवला. तिने तो मोबाइलवर घेतला, खेचला, खोल केला, आणि त्यातनं असा काही आवाज काढला की माझाच हात मला ओळखू येईना. एवढं शिकलेली पोरगी, आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. सांगतो, माझ्या आयुष्यात तसे दिवस फार आले नाहीत.

मग एके दिवशी ती एक मोठा काळा डबा घेऊन आली. सबवूफर म्हणे. मैत्रिणीच्या भावाचा, मागून आणलेला. मालाडला कुठल्याशा हॉलमध्ये पोरापोरींनी मिळून कार्यक्रम ठरवला होता, त्यात सायली पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होती आणि हा डबा तिथे न्यायचा होता. तोवर घरी सराव. दुपारची वेळ, चाळीतले लोक कामावर. तिने डबा लावला आणि भांड्यांची मांडणी थरथरली. आणि मला वाटतं, दुसरं गाणंसुद्धा सुरू झालं नव्हतं —

दारात पुंडलिक. लुंगी, बनियन, अनवाणी. डोळे एवढे मोठे.

"साचे चालू झाले काय रे?"

मी हाताने डबा दाखवला. तो आला, डब्यापुढे बसला, तळहात ठेवला. आणि मग त्याचा चेहरा — मला लिहिता येत नाही हो. मी बरंच खोडलं इथे. आंधळ्याला दिसल्यावर काय होत असेल तसं काहीतरी. तो माझ्याकडे वळला आणि चाळ हादरेल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "गणू, माका आयकाक येता!"

मला ऐकू येतंय. दुसरं काही म्हणालाच नाही तो. परत परत तेच.

त्यानंतर रोज दुपारी तो यायचाच. येताना पाण्याने भरलेला पितळेचा तांब्या आणायचा आणि डब्यावर ठेवायचा. पाण्यात गोल गोल तरंग उठायचे, ते बघत बसायचा. तळहाताने ऐकायचा, डोळ्यांनी ऐकायचा. एकदा घरातून टाळ घेऊन आला. मी मनात म्हटलं, आता हा सगळं बिघडवणार. पण कसचं! एक ठोका चुकला नाही. मंडळींनी ज्याच्या हातातनं टाळ काढून घेतले तो माणूस यंत्राच्या तालावर असा वाजवत होता की सायलीने तोंडावर हात ठेवला. "पुंडलिक आजोबा, झकास!" असं ती ओठ मोठे करून बोलली, त्याला कळावं म्हणून. तो लाजला. मग म्हणाला, "चेडू गुणाचा हा गे बाय." पोरगी गुणाची आहे, म्हणून. आणि माझी सून आतून हसली.

बघा, किती लांबवतोय मी. तुम्हाला कळत असेल की मी त्या दिवसापाशी जायचं टाळतोय.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सायली कॉलेजात होती. घरात मी आणि पुंडलिक. डबा कसा लावायचा हे मी बघून बघून शिकलो होतो. लावला. पुंडलिकाने हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. हाताने सांगितलं, आज चुरचुरतंय, पोकळ लागतंय. मलाही कानाला तसं वाटलं. कुठलासा खिळा सैल असेल, गाणंच तसं असेल, मला काय कळतंय? पण मी पखवाजवाला. मला वाटलं, मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

मी त्याला म्हटलं, कणीक मळ.

तो थबकला. मग म्हणाला, आणि हे पूर्ण ऐकू येईल असं म्हणाला, "पोरीक इचार आधी. पोरीचा यंत्र ता."

मी काय केलं? छाती ठोकली. हाताने सांगितलं, डावं तोंड कसं बोलवायचं ते मला शिकवू नको. तो बिचारा उठला, स्वयंपाकघरातून पीठ घेतलं, मळलं. माझ्यासाठी मळत आला तशीच. मी डब्याची जाळी काढली. आत काळं, गोल, कागदासारखं तोंड. मला तर तो पखवाजच दिसला. मधोमध ओली कणीक थापली, बोटाने कडा बसवल्या आणि आवाज वाढवला.

पहिले दोन ठोके काय सांगू, देवळात असल्यासारखे. मग फर्र झालं. कागद भिजला होता, वजनाने खेचला गेला, कडेला टरकला. कणीक आत लोंबायला लागली. मी तार ओढून डबा बंद केला आणि हात धुवायला मोरीत गेलो. पुंडलिक डब्यामागे, हात डब्यावरच; फाटलेलं तोंड त्याला तिथून दिसत नव्हतं. त्याला वाटलं गाणं संपलं, दुसरं लागेल.

आणि सायली दारात आली. मागोमाग सूनबाई.

मी मोरीतनं बघतोय. सायलीने फाटलेलं तोंड पाहिलं, कणीक पाहिली. पुंडलिकाची बोटं पिठाने माखलेली. तो तिच्याकडे बघून हसत होता. सून म्हणाली, "अरे देवा, पुंडलिककाकांनी हे काय केलं!" तो तरी हसतोच आहे. सून त्याच्या पाठीमागे आली होती, तिचे ओठ त्याला दिसले नाहीत. सायलीने माझ्याकडे मान वळवली. रडू दाबत होती. "आजोबा, हे त्यांनी केलं?"

माझे हात स्वच्छ होते.

मी मान हलवली. हो म्हणून. तोंडाने एक शब्द काढला नाही — बहिरा तो होता, आणि मुका मी झालो. त्याच्या समोर, त्याच्याकडे बघत मी त्याच्यावर घातलं, आणि त्याला कळलंही नाही. वर त्याने मला हाताने विचारलं, चेडू का रडता?

का केलं? पैशाचं म्हणाल तर मुलाने भरले, त्याने कुरकुर केली नाही. मार पडणार नव्हता मला. फक्त सायलीच्या डोळ्यांत मी मूर्ख म्हातारा झालो असतो. तेवढंच. तेवढंसुद्धा मला झेपलं नाही.

कार्यक्रमाला ती कुणाचातरी लहान डबा घेऊन गेली. आल्यावर म्हणाली, कुणाला काही जाणवलंच नाही आजोबा, पोकळ वाजलं. जेवली नाही. पण पोरगी मनाने मोठी. दोन दिवसांनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, पुंडलिक आजोबांना सांगा ना, मी रागावले नाहीये. फक्त डबा रिपेअर होऊन येईल तेव्हा त्यांनी जवळ बसू नये. तुम्हीच समजवा, तुमचंच त्यांना कळतं.

माझंच त्याला कळतं. खरं होतं ते. त्याच्या कानांपर्यंत जाणारा रस्ता एकच होता, तो माझ्या हातांतून जायचा. मी त्याला काय सांगितलं असेल?

मी सांगितलं, यंत्र मोडलं, ज्याचं होतं त्याने परत नेलं. आता गाणी नाहीत.

दोष त्याच्यावर टाकलाय हे त्याला सांगायचं कसं? आणि तो परत येऊन, सायलीसमोर बसून मोठ्या आवाजात म्हणाला असता की गणूला मी बोललो होतो पोरीला विचार, तर? म्हणून तो यायलाच नको होता. त्याने ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि म्हणाला, "माझ्या कणकेन मोडला काय?" मी म्हटलं, नाही रे. जुनंच होतं. एवढी दया मी त्याच्यावर केली!

घाटकोपरहून डबा दुरुस्त होऊन आला. मैत्रिणीच्या भावाने तो तिच्याकडेच राहू दिला, आणि सायलीने तो आतल्या खोलीत ठेवला. दुपारी लावला. मी पडद्याबाहेर, डोळे मिटून. दारात सावली पडली तसे उघडले. पुंडलिक उंबऱ्यावर, आत न येता, एक हात चौकटीला लावलेला. आतल्या खोलीला पडदा होता, त्याला काही दिसत नव्हतं.

हाताने विचारलं, साचे?

मी उठलो. आणि मी त्याला सांगितलं — खाली रस्त्यावर मेट्रोचं खोदकाम चाललंय. मोठं मशीन आणलंय. त्याचा हादरा.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग खाली बघितलं, स्वतःच्या पायांकडे. ज्या माणसाला पाठमोरं असताना कोपऱ्यातला साचा थांबलेला कळायचा, त्याला मी खोदकाम सांगत होतो. तालात खोदकाम! तो "बरां" म्हणाला. फक्त बरां. आणि घरी गेला.

तुम्ही म्हणाल, भांडला का नाही? नाही भांडला. पुढे दोन वर्षं जगला, मग गावी गेला आणि तिथेच गेला. त्या दोन वर्षांत रोज सकाळी माझ्या ओट्यावर चहा प्यायला, भजनाला कणीक मळून दिली, माझ्या गुडघ्याला तेल आणून दिलं. गाण्याचं पुन्हा काढलं नाही. मी त्याला खांदा द्यायला गेलो होतो. सगळे म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. मी ऐकून घेतलं.

पण त्या दुपारचं राहिलं सांगायचं. मला वाटलं होतं मेट्रोचं सांगून संपलं. तसं झालं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

तो गेल्यावर मी आत येऊन बसलो. गाणं चालू होतं. थोड्या वेळाने मला भिंतीतून काहीतरी ऐकू आलं. थप. थप. थप. पुंडलिक पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. भिंतीतून ऐकत होता, आणि तळहाताने ताल धरत होता. आपली थाप इकडे ऐकू येते हे त्या बहिऱ्याला कुठून ठाऊक असणार? एकही थाप चुकत नव्हती. समेवर तर असा यायचा की माझाच हात मांडीवर पडला.

सायलीने आवाज कमी केला. "आजोबा, पलीकडे कोण ठोकतंय? पुंडलिक आजोबांना त्रास होतोय का? मी उद्या जाऊन विचारते त्यांना. कागदावर लिहून विचारते."

मी म्हटलं, "तू नको जाऊ. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहा न घेताच मी स्टेशनजवळच्या गादीवाल्याकडे गेलो. जाड फोम कापून घेतला, दोन तुकडे. डोक्यावर घेऊन चढ चढलो. पुंडलिक ओट्यावर बसला होता, त्याने हाताने विचारलं, गादी? मी म्हटलं, हो, पाठ दुखते. तो उठला आणि एक तुकडा दारापर्यंत धरायला मदत केली. आत येऊन मी एक डब्याखाली घातला, दुसरा भिंतीला लावून त्यावर कपाट सरकवलं. सायलीला सांगितलं, शेजाऱ्यांना त्रास नको. ती म्हणाली, किती विचार करता हो तुम्ही. तिने गाणं लावलं. पलीकडून दोन-तीन थापा आल्या, तालाबाहेरच्या, शोधत असल्यासारख्या. मग त्याही थांबल्या. मी सायलीला म्हटलं, पुढचं लाव.